डाक आवृत्तीतल्या दहा ओळी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्या हाताखाली मी बातमी लिहायला शिकलो त्या संपादकांपाशी नाही, आणि ज्या दोघांचं नुकसान झालं त्यांच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही त्या दोघांपैकी कुणी नाही. की आहात? असलात तरी हरकत नाही. हे छापून आल्यावर तेही वाचतीलच.

मी नाशिकच्या एका दैनिकात काम करतो. आधी बातमीदार होतो, आता पानं बघतो. माझ्याविषयी कचेरीत एक गोष्ट सांगितली जाते: हा माणूस मयताचं वयसुद्धा दोन ठिकाणी विचारून लिहितो. ते खरं आहे. मी नावं तपासतो, वेळा तपासतो, कुणाच्या तोंडी वाक्य घालायचं तर वहीत बघून घालतो. इतक्या वर्षांत दहा ओळी सोडल्या तर मला मागे घ्यावं लागेल असं काही मी लिहिलेलं नाही. त्या दहा ओळींबद्दल सांगायचं आहे.

आधी बॅंडबद्दल सांगायला हवं.

बॅंडचं नाव ‘बेगड’. तीसेक वर्षांपूर्वी नाशिकमध्ये ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. डोळ्यांखाली चांदीचा रंग, ओठ गडद, अंगात चकाकणारे कोट, पायात वीतभर टाचांचे बूट आणि कानठळ्या बसवणारी गिटार. अशा संगीताला ग्लॅम रॉक म्हणतात हे मला बातमीसाठी विचारून घ्यावं लागलं होतं. गाणी मराठी. गायचा प्रसन्न: इंदिरानगरचा, बॅंकेतल्या माणसाचा मुलगा, उंच, बोलका, आरशापुढून न हलणारा. ड्रमवर दत्तू. तो मूळचा वणीचा, सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. गिटार रेवतीकडे. बेसवर एक मुलगा होता, तो पुढे परदेशी गेला. एवढेच चौघे.

सरावाची जागा म्हणजे सातपूरमधली ओळखीच्या माणसाची फॅब्रिकेशनची शेड. प्रसन्नच्या बुटांच्या टाचा तिथेच कापून, घासून तयार झाल्या. पहिल्या कार्यक्रमात तो त्या बुटांवरून दोनदा घसरला. मागून एक जण ओरडला, “ओ वहिनी, जपून!” प्रसन्न माइकवर म्हणाला, “दीर मागे का बसलेत? पुढे या की.” लोक हसले आणि मग ऐकायला लागले. असा तो होता.

पण लोक ऐकत राहिले ते चालींमुळे, आणि चाली दत्तूच्या होत्या. हे महत्त्वाचं आहे म्हणून नीट सांगतो. दत्तूला नोटेशन येत नव्हतं. तो चाली तोंडानं सांगायचा, पत्र्यावर बोटं वाजवत, आणि रेवती त्या गिटारवर बसवायची. प्रसन्न शब्द लिहायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, निदान दहा वेळा.

आणि कोट शिवायचे अण्णा, दत्तूचे वडील. वणीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. येवल्याच्या विणकरांकडून पैठणीच्या काठांचे उरलेले तुकडे ते आणत आणि साध्या अस्तरावर जोडून त्यांचे कोट करत. प्रसन्नचं माप घेताना मी तिथे होतो. अण्णा त्याच्याभोवती फिरले, टेप गळ्यात टाकला आणि म्हणाले, “लय चमकतंय रे हे. रस्त्यानं जाऊ नको, बैल बुजंल.” मग जरा थांबून विचारलं, “छातीत ढिला ठेवू का? गाताना श्वास घ्यावा लागत आसंल.” त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवलो. ते घर कुठे आहे, तिथे कोणता पेपर येतो, तो किती वाजता येतो, हे सगळं मला ठाऊक होतं. हेही महत्त्वाचं आहे.

दोन वर्षांत ‘बेगड’चं नाव झालं. धुळे, मालेगाव, जळगाव. एक कॅसेट निघाली. मग मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा निरोप आला. तिचा माणूस येऊन बोलणी करणार होता. त्याच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या मोठ्या नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम ठरला, आणि त्याची बातमी माझ्याकडे आली.

आता डाक आवृत्ती म्हणजे काय ते सांगतो. त्या काळी आमच्या पेपरच्या रोज दोन आवृत्त्या निघत. शहराची एक आणि तालुक्यांची एक. तालुक्यांच्या आवृत्तीला आम्ही डाक म्हणायचो. डाकेची पानं संध्याकाळी लवकर बंद व्हायची, कारण गाड्यांना वणी, कळवण, सुरगाणा, पेठ असं लांब जायचं असे. शहराची पानं त्यानंतर बऱ्याच वेळानं. म्हणजे संध्याकाळी काही झालं तर शहराला झालेलं कळायचं आणि तालुक्यांना आम्ही होईल असं धरून दुपारी लिहिलेलं. “मान्यवरांनी मार्गदर्शन केले, श्रोत्यांनी भरभरून दाद दिली.” पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली तरी वणीत त्यांचं भाषण झालेलं असायचं. कचेरीत यावर हसायचे. “डाक वाचतं कोण?” असं एक वाक्य होतं, रोज कुणीतरी म्हणायचंच. मीही म्हणायचो.

त्या शनिवारी दुपारी मी नाट्यगृहात गेलो. प्रसन्न रंगपटात बसला होता, एका डोळ्याखाली चांदी लावून झाली होती, दुसऱ्याखाली बाकी होती. तासभर बोलला. टाचांबद्दल, दिव्यांबद्दल, मुंबईबद्दल. माझ्या वहीत पाच पानं भरली. कचेरीत येऊन मी डाकेसाठी कार्यक्रमाची बातमी लिहिली — न झालेल्या कार्यक्रमाची. गाण्यांची यादी होती, कोटांचं वर्णन होतं, दाद होतीच. पान लावणारा म्हणाला, दहा ओळी कमी पडतायत. मी दहा ओळी लिहून दिल्या. त्यांत गायकाशी झालेली बातचीत होती आणि अवतरणचिन्हांत एक वाक्य होतं:

“गाणी माझी आहेत, चेहरा माझा आहे. बाकीची माणसं कुठूनही जुळवता येतात.”

प्रसन्न हे बोलला नव्हता. यातला एकही शब्द त्या पाच पानांत नव्हता.

घाईत झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण घाईत माणूस काय लिहितो? घाईत तो “श्रोत्यांनी दाद दिली” हेच आणखी लांबवतो. मी तसं केलं नाही. मी एक धारदार वाक्य बनवलं, वाचून पाहिलं आणि मला ते आवडलं. का आवडलं? — कारण ते त्याला शोभत होतं. ओठ रंगवणारा, आरशापुढून न हलणारा इंदिरानगरचा मुलगा मनातून असाच असणार, हे मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तासभर तो माझ्याशी बोलला आणि त्याच्या बोलण्यात ते कुठे सापडलं नाही. म्हणून मी ते स्वतः घातलं.

मग मी कार्यक्रमाला गेलो.

तिसऱ्या गाण्यानंतर प्रसन्ननं दत्तूला हाताला धरून पुढे आणलं. दत्तू लाजत होता, त्याच्या कपाळावरचा रंग घामानं नाकापर्यंत आला होता. प्रसन्न म्हणाला, “या सगळ्या चाली ह्याच्या आहेत. मी नुसता चमकतो.” नाट्यगृह उठून उभं राहिलं. मीही उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना मला स्पष्ट कळलं की याच्या बरोबर उलटं वाक्य मी त्याच्या तोंडी घातलं आहे आणि डाकेची छपाई अजून सुरू व्हायची आहे. बाहेर व्हरांड्यात फोन होता. एक फोन केला असता तर तेवढ्या ओळी काढता आल्या असत्या. काय सांगावं लागलं असतं? की वाक्य मी बनवलं. माझी नोकरी त्या महिन्यात कायम व्हायची होती. मी खुर्चीत बसलो. डाक वाचतं कोण?

कार्यक्रम संपल्यावर शहर आवृत्तीसाठी मी बातमी नव्यानं लिहिली. ती चांगली होती. त्यात ते वाक्य अर्थातच नव्हतं. दत्तूला पुढे आणल्याचा प्रसंग मात्र होता, त्यातल्या शब्दांसकट.

रविवारी सकाळी अण्णांनी वणीत पेपर उघडला. दुकान न उघडता ते पहिल्या एसटीनं नाशिकला आले, तिथून सातपूरला दत्तूच्या खोलीवर. हे मला नंतर रेवतीनं सांगितलं. त्यांनी काही भाषण केलं नाही म्हणे. पेपर पुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, “हा तोच का, ज्याला मी कोट शिवून दिला?”

सोमवारी मला शेडवर बोलावलं. चौघेही होते. दत्तूच्या हातात डाक आवृत्ती, प्रसन्नच्या हातात शहर आवृत्ती. तुम्ही हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणा. एकाच तारखेचा एकच पेपर, एकच बातमी, खाली माझंच नाव. एकात ते वाक्य आहे, दुसऱ्यात नाही. पेपरच्या दोन आवृत्त्या निघतात हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. कशाला असेल?

“दाखव ना मला, कुठंय?” प्रसन्न ओरडत होता. “हा बघ माझा पेपर. अरे, यात तर तुझंच कौतुक आहे!”

दत्तू ओरडत नव्हता. “स्टेजवर एक बोलायचं आन् पेपरवाल्याला एक,” तो म्हणाला. “माझा बाप वाचतो रे पेपर. तुला वाटलं, वणीत कोण वाचतंय?”

मग तो माझ्याकडे वळला. “भाऊ, तुम्ही सांगा. हा बोलला का नाय?”

मी काय म्हणालो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणालो, “तालुक्यांची आवृत्ती वेगळी निघते. शहर आवृत्तीत तेवढा भाग निघून गेला.”

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. आवृत्ती वेगळीच निघते. भाग निघूनच गेला होता. मी काढला हे मी सांगितलं नाही, तो मुळात कुठून आला हेही सांगितलं नाही. मी माझ्या धंद्यातली सगळी अचूकता त्या दोन वाक्यांत वापरली. दत्तूनं ऐकलं ते असं: बोलला होता, शहरात छापायला जागा उरली नाही. त्यानं मान डोलावली, ड्रमच्या काठ्या टेबलावर ठेवल्या आणि निघाला. प्रसन्न माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो आठवायचा प्रयत्न करत होता.

कंपनीचा माणूस ठरल्या दिवशी आला तेव्हा बॅंड नव्हता. दत्तूनं पुढे स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. बरीच वर्षं त्यानं चाल बांधली नाही. रेवतीनं दोनदा विचारलं, तर म्हणाला, “आता कान बधिर झालेत माझे, प्रेसवर.” प्रसन्न पुण्याला गेला. तिथे तो श्रवणयंत्रं विकतो आणि स्वतःच त्यावर विनोद करतो: आधी लोकांचे कान बिघडवले, आता भरपाई करतोय. अण्णा काही वर्षांपूर्वी गेले. प्रसन्न सांत्वनाला दारावर गेला होता. दत्तूनं त्याला आत ये म्हटलं नाही. हे मी पाहिलं. मीही तिथे होतो, आत, सतरंजीवर. मला चहा मिळाला.

गेल्या हिवाळ्यात रेवतीनं पुन्हा सगळ्यांना जमवलं. तिचे केस पिकलेत, पण ती ऐकत नाही कुणाचं. बेसवाला परदेशातून सुटी काढून आला. दत्तूची एक अट होती: त्या वाक्याची माफी, सगळ्यांसमोर. रेवतीनं ती प्रसन्नला फोनवर सांगितली तेव्हा तो लगेच हो म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी रंगपटात गेलो. तेच नाट्यगृह. प्रसन्न आरशापुढे होता, टाचा आता दोन बोटांच्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या. मला बघून त्यानं बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. मला वाटलं, आता विचारणार. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? माहीत नाही.

त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, “मला खरंच आठवत नाही रे बोललेलो. पण त्या दिवशी मी हवेत होतो, काहीही बडबडत होतो. आणि तू लिहिलंस म्हणजे बोललो असणार. तू कधी खोटं लिहीत नाहीस.”

मी म्हणालो, “पाणी सांगू का?”

पहिल्याच गाण्यानंतर त्यानं माइक हातात घेतला. म्हणाला, “दत्तू, मी एकदा पेपरवाल्यापाशी बोलून गेलो होतो की गाणी माझी, बाकीची माणसं कुठूनही जुळवता येतात. इतकी वर्षं झाली, मला कुणी जुळलं नाही. चुकलो. अण्णा असते तर त्यांच्याही पाया पडलो असतो.” त्यानं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं म्हटलं. माझं वाक्य, त्याच्या तोंडून, पहिल्यांदाच.

दत्तू ड्रममागून उठला. तो आता जाड झाला आहे, त्याला तिथून बाहेर यायला वेळ लागला. त्यानं प्रसन्नला मिठी मारली आणि माइक चालू आहे हे विसरून म्हणाला, “बास कर, येड्या. रडवतो का काय? रंग उतरंल.” लोक हसले, रडले, उभे राहिले. ते उत्तम वाजवत होते. खरं सांगतो, तरुणपणी वाजवत त्यापेक्षा चांगलं. दत्तूनं एक नवी चाल केली होती, ती त्यांनी शेवटी वाजवली. बॅंड आता पुन्हा सुरू झाला आहे; सध्या ते दर रविवारी सराव करतात.

दुसऱ्या दिवशी मी बातमी लिहिली. मथळा माफीवर होता. न केलेल्या गोष्टीची माफी मागणाऱ्या माणसाचे शब्द मी वहीत बघून, अचूक, अवतरणचिन्हांत छापले. त्याला ‘दिलदार’ म्हटलं. म्हणजे तीच खोटी गोष्ट मी दुसऱ्यांदा छापली, आणि यावेळी घाई नव्हती, दहा ओळी कमी पडल्या नव्हत्या, नोकरीही जाणार नव्हती.

तुम्ही म्हणाल, आता तर त्यांचं जुळलं आहे, मग हे उकरून कशाला काढायचं? मीही स्वतःला तेच म्हणून पाहिलं. ते सोयीचं आहे, माझ्या. त्यांचं जुळलं ते प्रसन्ननं दुसऱ्याचं ओझं आपलं म्हणून उचललं म्हणून. ते कुणाचं होतं हे ठाऊक असलेला माणूस पहिल्या रांगेत बसला होता. आणि त्या प्रसन्नला आज असं वाटतं की आपण एकदा मित्राविषयी असं बोललो. हे त्याच्या डोक्यात मी घातलं. ती त्याची आठवण नाही.

चुकीचं छापलं गेलं की दुरुस्ती छापतात. मी आयुष्यभर इतरांच्या चुकांच्या दुरुस्त्या लिहिल्या. ही माझी:

‘बेगड’च्या कार्यक्रमाच्या वृत्तात डाक आवृत्तीमध्ये गायक प्रसन्न यांच्या नावे प्रसिद्ध झालेले विधान त्यांनी केलेले नव्हते. ते बातमीदाराने रचले होते. त्याबाबत विचारणा झाली असता बातमीदाराने दिशाभूल करणारे उत्तर दिले. गेल्या हिवाळ्यात झालेल्या कार्यक्रमाच्या वृत्तातही त्याने ती चूक कायम ठेवली. चाली दत्तू यांच्या होत्या, आणि प्रसन्न यांनी त्या कधीही स्वतःच्या म्हटल्या नाहीत.

अशा दुरुस्तीच्या शेवटी “दिलगीर आहोत” असं लिहायचा रिवाज आहे. मी ते लिहीत नाही. त्या शब्दांवर समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं, आणि त्या दोघांनी मला काही म्हणावं एवढंही मी त्यांच्याकडून घेणार नाही. खाली माझं नाव घालतो आहे. ते मात्र दोन्ही वेळा बरोबर छापलं गेलं होतं.